सिकलसेलचे लेकरू कोणत्या खात्याचे?

हिवाळी अधिवेशन आले की नागपुरात मंत्री येतात, मोर्चे अडवले जातात, निवेदने स्वीकारली जातात आणि काही दिवसांत सारे सरकार मुंबईला परत जाते. नेमक्या त्याच थंडीच्या दिवसांत इंदोरा, पाचपावली, इमामवाडा, गड्डीगोदाम अशा वस्त्यांमधून सिकलसेलची लेकरे रात्र रात्र हातपाय धरून रडत असतात. आई गरम कपड्याने शेकत राहते. सकाळच्या कामाचा खाडा पडणार म्हणून बाप आढ्याकडे पाहत बसतो. हे रडणे विधानभवनापर्यंत क्वचितच पोहोचते. पोहोचले तर उत्तर ठरलेले असते: योजना आहे, मोहीम सुरू आहे, निधी दिला आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे लेकरू सांभाळता सांभाळता खचत चाललेल्या आईबापांना सावरण्याची जबाबदारी सरकारच्या कोणत्या खात्याची आहे?

सिकलसेल म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना फार सांगण्याची गरज नाही. विदर्भातल्या बौद्ध समाजात कितीतरी घराण्यांच्या नात्यागोत्यात हा आजार आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे जीव नकोसा करणाऱ्या कळा येतात. रक्त कमी होते, डोळे पिवळे पडतात, प्लीहा वाढते. अगदी लहान वयात साध्या वाटणाऱ्या जंतुसंसर्गानेही मूल दगावू शकते. कुणाला अर्धांगवायू होतो, कुणाचे खुबे ऐन तारुण्यात झिजतात. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलवरचा आपला लेख 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापला. दीक्षाभूमीवरच्या धम्मक्रांतीला तेव्हा जेमतेम दोन वर्षे होत होती. म्हणजे या शहरातला हा आजार वैद्यकशास्त्राला ठाऊक होऊन पासष्टहून अधिक वर्षे झाली. राज्याचा सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम मात्र २००८-०९ साली उभा राहिला. मधल्या पन्नास वर्षांत आमच्या किती लेकरांच्या मृत्यूच्या दाखल्यावर नुसते 'ताप' किंवा 'अशक्तपणा' लिहिले गेले असेल, याचा हिशेब कोण देणार?

हा आजार कुणाच्या पापाचे फळ नाही, भूतबाधा नाही, पूर्वजन्मीचा भोग तर मुळीच नाही. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. दोघांचा वाटा अगदी सारखा. तरी घरात बोट दाखवले जाते ते आईकडेच. 'हिच्याच माहेरचे दुखणे' म्हणून सुनेला हिणवणारी घरे आमच्याही समाजात आहेत, हे कबूल केले पाहिजे. हिवतापाच्या प्रदेशात वाहक माणसाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला. तो ठरावीक समूहांतच साचून राहण्यामागे जातीअंतर्गत विवाहाचा मोठा हात आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे दाखवून दिले होते. जातीची ती भिंत आज रक्ताच्या चाचणीतही दिसते. जातीव्यवस्थेने आम्हाला गावाबाहेर ठेवले आणि आमच्या आजारालाही आमच्यातच कोंडून ठेवले.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात केली. १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे. आदिवासी बांधवांना प्राधान्य मिळाले याचे आम्ही स्वागतच करतो, कारण त्यांच्या वाट्याला उपेक्षाच जास्त आली. पण विदर्भात हा आजार बौद्धांच्या, कुणबी-तेल्यांच्या घरांतही आहे. तो शहराच्या झोपडपट्टीत आहे, ठेक्यावर झाडू मारणाऱ्याच्या आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घरात आहे. शिवाय तपासणी म्हणजे उपचार नव्हे. किती जणांचे रक्त तपासले आणि किती कार्डे वाटली, याचे आकडे जाहीर होतात. ज्या लेकराच्या कार्डावर 'रुग्ण' असे लिहिले गेले, त्याचे आणि त्याच्या आईबापाचे पुढे काय झाले, हा आकडा कुणी विचारत नाही.

मग आता त्या आईबापांकडे पाहू. सिकलसेलचे मूल वर्षातून कितीदा भरती करावे लागेल याचा नेम नाही. मेडिकल, मेयो, डागा, इंदोऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, आता मिहानचे एम्स. रुग्णालये आहेत, आणि तिथे जीव तोडून काम करणारे डॉक्टरही आहेत. चिठ्ठी काढण्यापासून खाटेपर्यंत सारा दिवस जातो. मुलाजवळ एकाने थांबावेच लागते. आई थांबली तर तिच्या चार घरच्या कामांपैकी दोन सुटतात. बाप थांबला तर ठेकेदार दुसरा माणूस लावतो. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून रुग्णालयाचे बिल निघू शकते. बुडालेली मजुरी, ऑटोचे भाडे, रुग्णालयाच्या दाराशी घेतलेले जेवण आणि घरी शेजारणीकडे ठेवलेले धाकटे मूल, यांचे बिल कोणत्याही योजनेत बसत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी अशी आई डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुटी मागते. कागदावर तिचा अंगठा घेतला जातो आणि नोंद होते की पालक उपचार अर्धवट सोडून गेले. 'हे लोक निष्काळजी असतात' हे वाक्य आमच्या बायांनी किती वेळा ऐकले असेल! त्या निष्काळजी नसतात, त्यांच्या घरची चूल थांबलेली असते. शाळेतही तेच. या मुलांना पाणी जास्त प्यावे लागते, लघवीला वारंवार जावे लागते, नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात आणि डिसेंबरच्या थंडीत जपावे लागते. मास्तरांना हे कुणी सांगितलेले नसते. मग मूल आळशी ठरते, सतत गैरहजर म्हणून मागे पडते, आणि दोष पुन्हा आईबापांच्या माथी येतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' कोण, याची व्याख्या आहे. असाध्य आजाराचे मूल त्यात आहे, पण अटीवर. त्याला सांभाळणारे कुणी नसावे, किंवा त्याचे आईबाप सांभाळ करण्यास अयोग्य ठरलेले असावेत. म्हणजे आईबाप जिवंत आहेत, लेकराला छातीशी धरून आहेत, उपाशी राहून औषध आणत आहेत, तोवर हे मूल बाल कल्याण समितीच्या नजरेस पडत नाही. ते थकले, मोडले, मुलाला टाकून गेले किंवा अयोग्य ठरले की मग व्यवस्था जागी होते. याच कायद्यात मूल सरकारच्या स्वाधीन करण्याचे कलम आहे. शारीरिक, भावनिक वा सामाजिक कारणांनी हतबल झालेल्या पालकाने समितीपुढे यावे, मूल सोपवावे, फेरविचारासाठी दोन महिने घ्यावेत. लेकरू सोडून देण्याची वाट कायद्याने इतकी नीट आखून दिली आहे. लेकरू सोडायचे नाही म्हणणाऱ्या आईसाठी तितकी नीट वाट कुठे आहे?

कायद्याचे तत्त्व मात्र याच्या उलट आहे. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे हाच अधिनियम सांगतो. त्यासाठी कलम ४५ मध्ये प्रायोजकत्वाची तरतूद आहे आणि मिशन वात्सल्यच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यात दरमहा ४००० रुपये मिळतात. पण त्या कलमात कुणाची नावे आहेत? विधवा, घटस्फोटित किंवा कुटुंबाने टाकलेली आई, नातेवाइकांकडे राहणारे अनाथ मूल, जीवघेण्या आजाराने ग्रासलेले आईबाप आणि अपघाताने हतबल झालेले आईबाप. आईबाप आजारी असतील तर मूल यादीत आहे. मूलच आजारी असेल तर यादीत नाही! ही यादी अंतिम नाही, सरकारला ती वाढवता येते. एका शासन निर्णयाचे काम आहे. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची रक्कम २०२३ साली ११०० वरून २२५० रुपये झाली. ज्या माऊलीने प्लेगच्या साथीत आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, त्याच साथीत आपला प्राण दिला, तिचे नाव योजनेला दिले. मग आजारी लेकराला उचलून धावणारी आई त्या योजनेच्या केंद्रस्थानी का नको?

एक मूल आणि खाती किती, ते मोजा. त्याचे रक्त आरोग्य खात्याकडे. त्याचे प्रमाणपत्र दिव्यांग कल्याण खात्याकडे. त्याचे संरक्षण महिला व बालविकास खात्याकडे. त्याचे अनुदान तहसील कार्यालयात, आणि त्याची हजेरी शिक्षण खात्याकडे. पाच खात्यांत त्या लेकराची वाटणी झाली आहे, आणि या पाचही दारांत त्याच कागदांच्या झेरॉक्स घेऊन फिरते ती त्याची आई. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत सिकलसेलग्रस्तांचा समावेश आहे, पण योजनेची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये ठेवली गेली. भागाकार करा, दिवसाला ५८ रुपयेही पडत नाहीत. नागपुरात ५८ रुपये रोजावर कोणता मजूर जगतो? म्हणजे एक तर खोटा दाखला काढा, नाही तर अनुदान विसरा. गरिबाला खोटे बोलायला लावणारी मर्यादा सरकारनेच ठेवायची आणि मग 'बोगस लाभार्थी' म्हणून त्यालाच पकडायचे, हा कुठला न्याय?

दिव्यांग प्रमाणपत्राचेही असेच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या रक्ताच्या आजारांना दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत जागा दिली. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला होता. सिकलसेलग्रस्तांसाठी आयुष्य वेचणारे नागपूरचे संपत रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, ती याच कामाची पावती. पण लाभाचे दार उघडायला ४० टक्के दिव्यांगत्व लागते आणि टक्केवारी मिळते ती आजाराने शरीराचे किती नुकसान केले त्यावर. मूल वाचवण्याच्या वयात मदत नाही, खुबा झिजल्यावर प्रमाणपत्र! पुढे हेच मूल शिकले तर उच्च शिक्षणातले ५ टक्के आरक्षण त्याला आहे, पण सरकारी नोकरीतले ४ टक्के आरक्षण ज्या प्रकारांना दिले, त्यांत रक्ताचे आजार नाहीत. शिका म्हणायचे आणि नोकरीच्या दारात थांबवायचे, हा अनुभव आम्हाला नवा नाही.

व्यवस्थेची बेपर्वाई कुठवर जाते, हे याच शहराने २०२२ साली पाहिले. त्या वर्षी मे महिन्यात नागपुरातल्या थॅलेसेमियाग्रस्त चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. रक्त घेण्यावरच ज्यांचे जगणे अवलंबून, त्यांना ती रक्तातूनच झाल्याचे सांगितले गेले. त्यातले एक मूल दगावले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. लागण लवकर ओळखणारी नॅट चाचणी तेव्हा कायद्याने बंधनकारक नव्हती. आईबापांचा दोष एवढाच की त्यांनी सांगितलेल्या दिवशी मुलाला रक्त चढवायला नेले. २०२५ साली झारखंडमधल्या चाईबासा येथून तसेच वृत्त आले. बातमी आठवडाभर चालते, चौकशी समिती बसते, पुढे विस्मरण होते. रक्तपेढीची पिशवी हातात घेताना जिचा हात थरथरतो, ती आई मात्र विसरत नाही.

कुणी म्हणेल, एवढा पैसा सरकारने आणायचा कुठून? २०२४ साली निवडणुकीच्या तोंडावर काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक बहिणींच्या खात्यात दरमहा १५०० रुपये जमा करण्याची यंत्रणा उभी राहिली. बहिणींना पैसे मिळाले याला आमचा विरोध नाही. त्यातून एवढे सिद्ध झाले की मनात आणले तर सरकारला पैसाही सापडतो आणि घरही सापडते. सिकलसेलग्रस्त मुलांची संख्या त्या मानाने मूठभर. पण ती मते देत नाहीत.

आणि उपाय महागडेही नाहीत. वेस्ट इंडीजमधला जमैका हा काळ्या, गुलामीतून बाहेर पडलेल्या लोकांचा छोटा देश. तिथे किंग्स्टनच्या रुग्णालयात १९७३ पासून नवजात बाळांची सिकलसेल तपासणी सुरू झाली. गरीब, कमी शिकलेल्या आयांना बाळाच्या पोटावर हात ठेवून प्लीहा वाढली का ते ओळखायला शिकवले गेले, आणि त्या एका कारणाने होणारे बालमृत्यू झपाट्याने घटले. तिथे आईला निष्काळजी म्हटले नाही, तिला जाणती केले. नागपूरच्या मेडिकलमध्ये डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलवाहक मातांच्या नवजात बाळांची तपासणी आणि पाठपुरावा केला, मुलांवर हायड्रॉक्सियुरियाच्या कमी मात्रेचा अभ्यास केला. ते अभ्यास परदेशी नियतकालिकांत छापून आले. ज्ञान नागपुरात तयार झाले, ते नागपूरच्याच वस्तीतल्या शेवटच्या पाळण्यापर्यंत जात नाही, हे आमचे दुखणे आहे.

मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे मांडले आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा असा आग्रह धरला. आईचे ओझे हे तिचे खासगी ओझे नाही, ही त्यांची भूमिका होती. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये आजारपणात आणि विकलांगतेत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून आला. म्हणून आमची मागणी भिकेची नाही, संविधानाची आहे.

मागण्या स्पष्ट आहेत. सिकलसेल आणि थॅलेसेमियाग्रस्त बालकाला आईबाप असतानाही प्रायोजकत्व आणि बालसंगोपन योजनेचा लाभ, तसा नावानिशी उल्लेख करून, शासन निर्णयाने मिळाला पाहिजे. मूल भरती असेल तितक्या दिवसांची बुडीत मजुरी एका पालकाला द्यावी. २१,००० रुपयांची मर्यादा मोडीत काढावी. पूर्व विदर्भात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची, मग ते कोणत्याही जातीचे असो, तपासणी करावी आणि आजारी निघालेल्या बाळाच्या घरी परिचारिकेने जावे. रक्तपेढ्यांत नॅट चाचणी सक्तीची व्हावी. आणि पाच खात्यांच्या पाच दारांऐवजी जिल्ह्याच्या ठिकाणी एकच खिडकी असावी, जिथे आईने एकदाच कागद द्यावेत.

सरकारकडे मागताना आमच्याही अंगणात पाहिले पाहिजे. १९७१ साली अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्षाच्या तरुणांनी काळ्यांच्या वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली, सरकार काळ्यांचा आजार म्हणून दुर्लक्ष करते हे चव्हाट्यावर मांडले. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, तिथे सिकलसेल नियंत्रणाचा राष्ट्रीय कायदा झाला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर जन्माला आली. पँथरचे नाव आम्ही घेतले, तिची डरकाळी घेतली. वस्तीतल्या आजारी लेकराची वही ठेवण्याचे कामही आम्ही उचलायला हवे होते. अजूनही वेळ गेलेली नाही. नागपुरात वस्तीवस्तीत विहार आहे, प्रत्येक विहाराला महिला मंडळ आहे. विहारात एक वही ठेवा. वस्तीतले सिकलसेलचे लेकरू कोणते, त्याचे औषध चालू आहे का, लस झाली का, कार्ड आहे का, प्रमाणपत्र कुठे अडले, हे तिच्यात लिहा. आई रुग्णालयात असेल त्या दिवशी तिच्या धाकट्याला कोण जेवू घालणार, हेही ठरवा. लग्न जुळवताना गुण आणि पत्रिका विचारणाऱ्यांना रक्ताची चाचणी विचारायला शिकवा, आणि जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलामुलींच्या पाठीशी उभे राहा.

मग ती वही घेऊन पुढच्या अधिवेशनात मोर्चा काढू. निवेदनाऐवजी वहीच टेबलावर ठेवू आणि विचारू, ही लेकरे कोणत्या खात्याची? ती उत्तराची वाट पाहत थांबू शकत नाहीत. आपणही थांबता कामा नये.

जयभीम!